नवा कमोड बसवूनही पाणी वाचत नाही? या चुका टाळा

जुना कमोड एका फ्लशला १३ लिटर पाणी घेतो, काही तर २० लिटर. तेच काम आजचा चांगला कमोड ४.८ ते ६ लिटरमध्ये करतो. घरात दिवसाला २० फ्लश होत असतील तर १३ वरून ६ लिटरवर आल्यावर रोज १४० लिटर, म्हणजे वर्षाला ५० हजार लिटरहून जास्त पाणी वाचायला हवं. पण दोनदा फ्लश करावा लागला की हा हिशेब कोलमडतो.

दोनदा फ्लश करावा लागण्याचं एक मोठं कारण म्हणजे नुसती टाकी बदलणं. जुन्या भांड्याची घडणच जास्त पाण्याच्या लोंढ्यासाठी केलेली असते. त्यात ६ लिटर सोडले तर भांड्यातलं सगळं खेचून नेणारी सायफनची ओढ नीट तयार होत नाही आणि घाण मागे राहते. म्हणून भांडं आणि टाकी जोडीनंच घ्या. टाकीत वीट टाकण्याचा उपाय तर मुळीच करू नका. तिचे कण सुटून व्हॉल्व्हखाली अडकतात आणि गळती सुरू होते.

घेताना फक्त लिटरचा आकडा पाहू नका. मॅप नावाच्या चाचणीत एका फ्लशला किती ग्रॅम घन पदार्थ वाहून जातो हे मोजतात. हा आकडा मिळाला तर जरूर पाहा. आउटलेट, म्हणजे घाण बाहेर जाण्याचं तोंड, जमिनीत आहे की भिंतीत, आणि जमिनीत असेल तर टाइल्स लावलेल्या भिंतीपासून त्याच्या मध्यापर्यंत अंतर किती, हे खरेदीआधीच मोजा. दोन बटणांचा फ्लश असेल तर कमी पाण्याचं लहान बटण कोणतं, ते घरातल्या प्रत्येकाला दाखवा.

खूप पाणी जातं ते आवाज न करणाऱ्या गळतीतून, आणि ती नव्या कमोडलाही लागते. आधी टाकीचं झाकण उघडून ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी भांड्यात सोडणाऱ्या, उभ्या नळीत पाणी पडतंय का बघा. पडत असेल तर फ्लोट, म्हणजे पाण्याची पातळी ठरवणारा तरंगता भाग, खाली करा. पातळी नळीच्या तोंडापेक्षा साधारण इंचभर खाली हवी. पडत नसेल तर टाकीत खाण्याचा रंग घालून १५ मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर फ्लॅपर (टाकीच्या तळाचं भोक झाकणारी रबरी झडप) किंवा तळाचं सील बदला. ही रबरी वस्तू स्वस्तातली असते, ती बदलायला चालढकल करू नये. टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्यांनी हे रबर लवकर खराब होतं, त्या टाळा.

टाकी मध्येच आपोआप भरू लागते आणि फ्लॅपर मात्र ठीक आहे? मग रिफिलची, म्हणजे फ्लशनंतर भांड्यात पाणी भरणारी, बारीक नळी ओव्हरफ्लोच्या नळीत खोल गेलेली असू शकते. ती सायफनसारखी टाकीतलं पाणी ओढत राहते. तिचं टोक ओव्हरफ्लोच्या तोंडाच्या वर क्लिपनं अडकवा.

पूर्वी चांगला असलेला फ्लश मंदावला तर टाकी खुणेपर्यंत भरते का ते तपासा. भरत असेल तर भांड्याच्या काठाखालची भोकं क्षारांनी बुजलेली असतील, ती साफ करा.