क्लिनिकल पोस्टिंगला जाताय? या चुका टाळा

पोस्टिंगची, म्हणजे हॉस्पिटलच्या वॉर्डात जाऊन प्रत्यक्ष काम शिकण्याची, तयारी म्हटलं की मुलं पुस्तकं काढतात, नवा स्टेथो घेतात, आणि अडतात कुठे तर लसीच्या कागदावर. हेपॅटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी अँटीबॉडी टायटर (लस लागू पडली का ते बघणारी रक्ततपासणी), म्हणजे पोस्टिंगची यादी लागल्यावर पहिला डोस घेऊन काही होत नाही, ॲडमिशन झाली की लगेच सुरू करा. मधला डोस चुकला असेल तर घाबरू नका, कोर्स पहिल्यापासून करावा लागत नाही, राहिलेले डोस पूर्ण करायचे, फक्त कोऑर्डिनेटरला आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी नको.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र सुई टोचल्यावर गप्प बसणं. ओरडा बसेल, पोस्टिंग जाईल या भीतीने बरेच जण लपवतात!! टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवायची, दाबून रक्त काढायचं नाही, आणि लगेच इनचार्जला सांगायचं. एचआयव्हीची पीईपी (संसर्ग होऊ नये म्हणून घ्यायची औषधं) ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते, पण ७२ तास म्हणजे निवांत वेळ आहे असं नाही, जितकी लवकर तितकी बरी, कोर्स २८ दिवसांचा. त्यामुळे अशा वेळी कुणाला कळवायचं, रात्रपाळीत कोण असतं हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायची सवय असेल तर ती तर सोडाच.

दुसरं म्हणजे "येतं ना?" विचारलं की मान डोलवणं. न येण्यात काही कमीपणा नाही हो, शिकायलाच आलाय. "बघितलंय, स्वतः केलं नाहीये, तुम्ही शेजारी थांबाल का?" एवढं म्हटलं तरी कुणी खात नाही, आणि एखादी सिस्टर खेकसलीच तरी पेशंटला त्रास होण्यापेक्षा ते परवडलं.

पेशंटला "तुम्ही अमुकच ना?" असं विचारू नका, अर्धवट झोपेतला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही हो म्हणतो. पूर्ण नाव आणि जन्मतारीख त्यांनाच सांगू द्या, मग हातातल्या पट्टीशी ताडून बघा. आणि श्वासाचा रेट... चार्टवर ओळीने १८, १८, २० दिसलं की जुन्या माणसांना लगेच कळतं की मोजलेलाच नाही. तब्येत बिघडायला लागली की हा आकडा बऱ्याचदा लवकर हलतो, म्हणून नाडी धरल्यासारखा हात ठेवा आणि पूर्ण १ मिनिट छाती बघा, आपण श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की तो श्वास बदलतो.

डॉक्टरांना फोन करताना अडखळत असाल तर एसबीएआर (सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन) कागदावर लिहून मगच लावा: आत्ता काय झालंय, आधीचं काय, तुम्हाला काय वाटतं, काय हवंय. शेवटचंच बहुतेक जण विसरतात आणि समोरचा विचारतो, "मग मी काय करू?"

नखं, अंगठ्या, घड्याळ वगैरे सांगायला नको. हँडरब (हाताला चोळायचं सॅनिटायझर) मात्र २० ते ३० सेकंद चोळायचा असतो, नुसता हात ओला करून पुढे पळायचं नाही. वॉर्डमधला सेल्फी स्टेटसला टाकू नका, मागच्या बोर्डवर पेशंटची नावं असतात.

लॉगबुकची (केलेल्या कामांच्या नोंदवहीची) सही त्या त्या दिवशीच घ्या. महिनाअखेरीस सुपरवायझरची शिफ्ट बदललेली असते, मग त्यांना शोधत मजले चढत बसावं लागतं.