गरम पाण्याचा खरा खर्च कसा काढायचा

‘गिझर दोन हजार वॅटचा, अर्धा तास चालतो, म्हणजे रोज एक युनिट.’ हा हिशेब जो तो सांगतो आणि जवळपास प्रत्येक घरात तो चुकतो. भिंतीवरचं बटण अर्धा तास चालू असलं, तरी आतली कॉइल तेवढा वेळ वीज घेतेच असं नाही. पाणी तापलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो, गार पाणी आत आलं की पुन्हा जोडतो. बटणाची मिनिटं मोजून हाती काही लागत नाही. आधी पाणी मोजा, मग वीज.

बादली. बादलीवर छापलेले २० लिटर म्हणजे काठोकाठ भरल्यावरचं माप. लिटरच्या बाटलीनं पाणी ओतत जा आणि १०, १५, १८ लिटरला आतून मार्करनं रेघ मारा. शॉवर असेल तर बादली एक मिनिट शॉवरखाली धरा, मिनिटाला किती लिटर पडतं ते कळेल.

तापमान. तापाचा थर्मामीटर चालत नाही, त्याचे अंश ३५ ते ४२ एवढेच. स्वयंपाकघरात वापरतात तो डिजिटल, लांब काडीचा घ्या. दोनच नोंदी लागतात: नळाचं गार पाणी, आणि विसण घालून अंघोळीला तयार झालेली बादली, नीट ढवळून.

आता लिटरला अंशांच्या फरकानं गुणा आणि ८६० नं भागा. एका युनिटच्या उष्णतेत ८६० लिटर पाणी एका अंशानं तापतं, म्हणून हा ८६०. डिसेंबरच्या सकाळी टाकीतलं पाणी २० अंश आणि १८ लिटरची बादली ४१ अंश असेल, तर १८ × २१ = ३७८, भागिले ८६० म्हणजे ०.४४ युनिट. चार माणसांचं पावणेदोन युनिट.

‘कढत किती घेतलं आणि विसण किती घातलं ते वेगळं मोजा’ असा सल्ला ऐकलात तर सोडून द्या. कढत पाण्यातली उष्णता विसणात वाटली जाते, कमी होत नाही. तयार बादलीचे लिटर आणि तापमान एवढ्यात सगळं आलं.

गिझर खरोखर किती घेतो. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथं, आणि बहुतेकांचा हिशेब इथंच फसतो. वर काढलं ते बादलीत पोहोचलेल्या उष्णतेचं मोजमाप आहे. मीटर त्याहून जास्त दाखवतो. मधला फरक कुठं जातो हे कळलं नाही, तर बचत कुठं करायची तेही कळत नाही.

आधी कॉइलची खरी ताकद काढा. पाटीवरच्या २००० वॅटवर विसंबू नका. तो आकडा पाटीवर दिलेल्या व्होल्टेजचा असतो, बहुतेक २३०. व्होल्टेज २१० वर आलं की तीच कॉइल साधारण १६७० वॅट घेते, आणि लाइनच्या टोकाच्या वस्त्यांमध्ये सकाळच्या गर्दीच्या वेळी हे हमखास होतं. विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० किंवा १६०० इम्पल्स प्रति युनिट, म्हणजे एका युनिटला दिव्याची तेवढी लुकलुक, असं काहीतरी छापलेलं असतं. घरातलं बाकी सगळं बंद करून गिझर चालू करा आणि एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. त्याला ६० नं गुणून छापलेल्या आकड्यानं भागा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला ९६ लुकलुक आली, तर ९६ × ६० ÷ ३२०० = १.८ किलोवॅट. एवढ्या वेगानं मोजणं जमत नसेल तर मोबाइलवर चित्रण करा आणि सावकाश लावून मोजा.

‘बाकी सगळं बंद’ म्हणताना मेन स्विच पाडू नका. मेन पाडला की इन्व्हर्टर बॅटरीवर चालू होतो, आणि वीज परत दिली की ती बॅटरी भरायला लागतो. ती वीज गिझरच्या माथी बसते आणि आकडा पार बिघडतो. इन्व्हर्टरला येणारी वीज त्याच्या स्वतःच्या बटणावर बंद करा, फ्रिजचा प्लग तेवढ्यापुरता काढा, आणि मोजायला लागण्याआधी मीटरचा दिवा जवळजवळ स्थिर झाल्याची खात्री करा. युनिट मोजणारा स्मार्ट प्लग लावणार असाल तर १६ अँपिअरचाच. दहा अँपिअरचा प्लग गिझरला लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर एकटाच १३ अँपिअर ओढतो.

आता गळती, म्हणजे नुसतं उभं राहून थंड होणारं पाणी. रात्री नऊला गिझर लावा. तापवण्याचा दिवा विझला की बटण बंद करा. काही गिझरना दोन दिवे असतात. वीज आल्याचा नको, तापवण्याचा बघा. रात्रभर गरम पाण्याचा नळ सोडू नका. सकाळी सातला बटण लावा आणि दिवा विझेपर्यंतची मिनिटं घड्याळावर मोजा. समजा १२ मिनिटं लागली: १.८ × १२ ÷ ६० = ०.३६ युनिट. जवळजवळ एका माणसाच्या अंघोळीएवढी वीज नुसती भिंतीला आणि हवेला गेली. गिझर रात्रभर चालू ठेवला असता तर आणखी गेली असती, कारण पाणी जितकं गरम राहतं तितकी उष्णता जोरात बाहेर पडते. ‘सतत चालू ठेवला की बिल कमी येतं’ असं सांगणाऱ्याला हा प्रयोग करायला सांगा.

बोअरच्या पाण्याचा क्षार कॉइलवर बसला की बिल वाढतं, असंही सर्रास सांगतात. कॉइल पाण्यात बुडालेली आहे, तिची उष्णता पाण्यातच जाते. क्षारानं कॉइल तापून लवकर जळते, म्हणून ती साफ करायची, बिलासाठी नव्हे.

पाण्यात सोडायच्या रॉडला बहुधा थर्मोस्टॅट नसतो, तिथं मात्र किलोवॅट गुणिले वेळ हा हिशेब बरोबर येतो. पाण्याला हात लावण्याआधी बटण बंद करून प्लग काढायचाच.

भाव. बिलाची रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर इथं चालत नाही. महावितरणच्या घरगुती बिलात १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि पुढे असे टप्पे आहेत आणि वरच्या टप्प्याचा दर खालच्यापेक्षा चढा. गिझर बंद केला तर वाचतात ती वरच्या टोकाची युनिटं. महिन्याला ३४० युनिट वापर आणि त्यातली ७० गिझरची असतील, तर ४० तिसऱ्या टप्प्याच्या दरानं आणि ३० दुसऱ्याच्या दरानं धरा. त्यात दर युनिटचा वहन आकार आणि इंधन समायोजन आकार मिळवा, वर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार सोडा, तो गिझर नसला तरी भरायचाच आहे.

गॅस गिझर. त्याला वेगळा सिलिंडर असेल तर आठवड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी वजन करा. एक किलो एलपीजीत साडेबारा युनिटच्या आसपास उष्णता असते, त्यातली सुमारे दहा बादलीत पोहोचते. म्हणून १४.२ किलोच्या सिलिंडरची किंमत १४२ नं भागली की बादलीतल्या एका युनिटचा भाव मिळतो. तो तुमच्या वरच्या टप्प्याच्या वीजदराशी ताडून बघा. भाव कितीही स्वस्त निघो, गॅस गिझर बंद न्हाणीघराच्या आत बसवू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. बाहेर, उघड्या हवेत बसवा आणि पाणी पाइपनं आत घ्या.

सोलर. टाकीतल्या बॅकअप कॉइलचं, म्हणजे ऊन नसताना विजेवर पाणी तापवणाऱ्या कॉइलचं, बटण पावसाळ्यात लावलं जातं आणि दिवाळीपर्यंत कोणी बघत नाही. ते आधी बघा. गच्चीपासून खालपर्यंत पाइपात थांबलेलं पाणीही मोजा: पाऊण इंची पाइपात मीटरला साधारण ०.३ लिटर, म्हणजे २० मीटरला सहा लिटर. दर अंघोळीआधी तेवढं थंड पाणी मोरीत जातं; त्यापेक्षा ते बादलीत धरून विसणाला वापरा.

वही. आठवडाभर रोज चार आकडे लिहा: लिटर, गार पाण्याचं तापमान, बादलीचं तापमान, गिझर किती वेळा लावला. पाहुणे आले तो दिवस सोडा. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणीच ३० अंशांवर असतं. १८ लिटर ३८ अंशांवर न्यायला ०.१७ युनिट पुरतं. उन्हाळ्यासाठी दोन्ही तापमानं आणि गळती नव्यानं घ्या. कॉइलचा आकडा, व्होल्टेज तेच असेल तर, डिसेंबरचाच चालतो.