इन्व्हर्स सगळेच काढतात, डोमेन कोण लिहिणार?

बारावीच्या गणितात पहिला धडा रिलेशन्स आणि फंक्शन्सचा, त्याला लागूनच इन्व्हर्स ट्रिगनॉमेट्री. गोव्यात चौथीपर्यंत मराठीतून शिकून पाचवीपासून इंग्रजीत आलेल्या मुलांना इथे भाषा नडते, असं बरेच जण म्हणतात. मला पटत नाही. वन-वन, ऑन्टू हे शब्द हां हां म्हणता तोंडी बसतात. नडतं ते डोमेन, म्हणजे फंक्शनमध्ये कोणत्या संख्या घालता येतात ते. प्रश्नात ते कुठेतरी कडेला असतं आणि आपण थेट सूत्रावर झडप घालतो.

कंपोझिशनचा, म्हणजे एका फंक्शनचं उत्तर दुसऱ्यात घालण्याचा, बाऊ करू नका. एफ(जी(एक्स)) म्हणजे आधी जी, मग एफ. लिहिताना एफ पुढे दिसतो म्हणून हात तिकडे वळतो, तेवढा आवरा. इन्व्हर्स, म्हणजे उत्तरावरून मूळ संख्येकडे परत नेणारं फंक्शन, घेताना क्रम उलटतो. पणजीहून चोडणला जाताना आधी बस, मग रायबंदरची फेरीबोट. परतताना आधी फेरीबोट, मग बस. एक्सची दुप्पट करून ३ मिळवले असतील, तर मागे येताना आधी ३ वजा करायचे, मग निम्मे. ११ वरून ४ मिळतात. आधी निम्मे केलेत तर अडीच हाती लागतात, आणि अडीचची दुप्पट अधिक ३ म्हणजे ८.

आता खरी गोम. एफ(एक्स) = √(एक्स − २), याचा इन्व्हर्स काढा. ट्यूशनमधली युक्ती ठरलेली: एक्स-वायची अदलाबदल करा, वर्ग करा, उत्तर एक्सचा वर्ग अधिक २. पेन खाली ठेवू नका! या उत्तरात −३ घालून बघा. ११ येतात. ते ११ मूळ फंक्शनमध्ये घाला, ३ येतात. −३ घेऊन निघालो आणि ३ घेऊन पोचलो, मग हा इन्व्हर्स कसला? वर्गमूळ ऋण उत्तर देतच नाही, त्यामुळे −३ मूळ फंक्शनच्या रेंजमध्ये, म्हणजे त्याच्या उत्तरांमध्ये, कधी नव्हताच. मूळची रेंज ती इन्व्हर्सची डोमेन. म्हणून ‘एक्स शून्य किंवा त्याहून मोठा’ हे शेजारी लिहायलाच हवं. ते उत्तराचाच भाग आहे, शोभेला नाही.

अजून एक घ्या, कारण इथेच मार्क गळतात. एक्सचा वर्ग − ४एक्स + ७. सगळ्या रिअल संख्यांवर याला इन्व्हर्सच नाही: १ घाला, ४, ३ घाला, तरी ४. परत जायचं कुठे? डोमेन ‘२ आणि पुढे’ असं दिलं की मार्ग मोकळा होतो. पूर्ण वर्ग करा, (एक्स − २) चा वर्ग + ३, आणि इन्व्हर्स २ + √(एक्स − ३), एक्स ३ पासून पुढे. डोमेन ‘२ आणि मागे’ दिलं असतं तर तेच सूत्र, पण २ − √(एक्स − ३). अधिक की वजा हे डोमेन ठरवतं. दोन्ही चिन्हं लावून ‘प्लस-मायनस’ लिहून मोकळं होणं म्हणजे निव्वळ पळवाट.

दुसऱ्या धड्यात हेच नाव बदलून येतं. साइन १२०° म्हणजे √३/२. त्याचा साइन इन्व्हर्स? १२० नाही, ६०°, कारण साइन इन्व्हर्सची रेंज −९०° ते ९०°. साइन इन्व्हर्स लिहिताना साइनवर चढवलेला −१ पाहून ‘एक भागिले साइन’ करणारे दरवर्षी निघतात. त्यांना फार बोलू नये; साइनवर २ चढवला की साइनचाच वर्ग होतो, मग −१ ने वेगळं का वागावं? हे चिन्ह इंग्रज गणितज्ञ जॉन हर्शेलने १८१३ मध्ये आणलं, आणि त्याच्या मते साइनवरच्या २ चा अर्थही ‘साइनचा साइन’ असाच हवा होता. जगाने अर्धंच ऐकलं.

शॉर्टकट शिकवणारे सर वाईट नसतात, पण ‘अदलाबदल करा’ म्हणून पुढच्या गणिताकडे वळणाऱ्यांपेक्षा ‘रेंज काय?’ म्हणून छळणारे बरे. तसं कोणी नसेल तर आलेख काढणारं डेसमॉस फुकट आहे. फंक्शन, इन्व्हर्स आणि वाय = एक्स ही रेषा एकत्र काढा; इन्व्हर्सची जास्तीची शेपटी लगेच दिसते. गणेश चवथीच्या सुट्टीपर्यंत एवढं हातात बसलं तर डेरिव्हेटिव्हमधल्या चेन रूलला घाबरायचं कारण नाही, तिथेही आतलं फंक्शन आणि बाहेरचं फंक्शन हेच ओळखायचं असतं.