स्मृतीचा अभ्यास सुरू करताय? आधी माणसं वाचा, आकृत्या मागाहून

मानसशास्त्रात स्मृतीचं प्रकरण आलं की बहुतेक जण आधी तीन चौकोन पाठ करतात: संवेदनिक स्मृती, अल्पकालीन स्मृती, दीर्घकालीन स्मृती, आणि मध्ये बाण. ॲटकिन्सन आणि शिफ्रिन यांचं १९६८ सालचं हे प्रारूप परीक्षेसाठी यायलाच हवं. पण एम.ए. करताना आणि पुढे धाकट्या विद्यार्थ्यांची प्रॅक्टिकल्स पाहताना माझं एक मत पक्कं झालं. ज्या माणसांमुळे हे सगळं कळलं, त्यांच्यापासून सुरुवात केली तर विषय मनात बसतो.

पहिला वाचा तो हेन्री मोलेसन. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये अमेरिकेत त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागाचा, बराच भाग काढला गेला. झटके कमी झाले, पण नव्या घटना लक्षात राहणं जवळजवळ बंद पडलं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, आणि आपण हे आधी कधी केलंय याची त्याला काहीच आठवण नव्हती! हाताला येणं आणि मनाला आठवणं या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत, हे इथे दिसतं. २००८ मध्ये तो वारला, तोवर पुस्तकांत तो केवळ ‘एच. एम.’ होता. त्याच्याबद्दल वाचल्यावर दीर्घकालीन स्मृतीचे प्रकार वेगळे घोकावे लागत नाहीत.

मग जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगांत प्रयोगकर्ताही तोच आणि प्रयुक्तही (ज्याच्यावर प्रयोग होतो तो) तोच. त्याच्या विस्मरण वक्रावर, म्हणजे वेळेबरोबर किती विसरलं जातं ते दाखवणाऱ्या आलेखावर, प्रश्न येतोच, आणि उत्तरपत्रिकेत सर्रास लिहिलं जातं की माणूस तासाभरात निम्म्याहून जास्त विसरतो. असं लिहू नका. त्याने पाठ केले होते ते अर्थहीन शब्दावयव, आणि मोजली होती ती पुन्हा पाठ करताना होणारी बचत, म्हणजे दुसऱ्या खेपेला किती कमी कष्ट पडले ते. समजून वाचलेलं असं झरझर गळत नाही.

या प्रकरणातला एक निष्कर्ष आजपासूनच वापरायला घ्या. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते; आठवड्यानंतर आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपल्याला तो येतो असा भास होतो. म्हणून वाचून झालं की पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा, मग ताडून पाहा. दोन-तीन दिवसांनी तेच पुन्हा करा. सुरुवातीला कागद अर्धा रिकामा राहतो, फार जड वाटतं. तरीही सोडू नका. बॅडली आणि हिच यांचं कार्यकारी स्मृतीचं (काम करताना माहिती तात्पुरती मनात धरून वापरणाऱ्या स्मृतीचं) प्रारूप मला असंच लिहून लिहून कळलं.

प्रॅक्टिकलसाठी पर्याय असेल तर खोट्या आठवणीचा प्रयोग घ्या. रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये तो नव्याने पुढे आणला. अंथरूण, उशी, पांघरूण, जांभई, स्वप्न, घोरणं, पेंग, रात्र अशी यादी सावकाश वाचून दाखवायची, थोडा वेळ आकडेमोड करायला लावायची आणि मग आठवतील ते शब्द लिहून घ्यायचे. ‘झोप’ हा शब्द यादीत नसतो, तरी कित्येक जण तो लिहितात, आणि खात्रीने लिहितात. इंग्रजी यादीचं भाषांतर करू नका. आपल्या माणसांच्या मनात जे शब्द एकमेकांना चिकटलेले आहेत तेच निवडा, आणि यादी जरा लांब ठेवा.

प्रयुक्त म्हणून घरातली वडीलधारी माणसं बसली असतील तर एक नक्की करा. प्रयोग संपल्यावर खरी यादी त्यांच्यासमोर ठेवा आणि हे तरुणांचंही होतं, हे नीट समजावून सांगा. उतारवयातली माणसं एक शब्द चुकला की आपली स्मरणशक्ती गेली म्हणून मनातल्या मनात घाबरतात. हे समजावणं प्रयोगाचाच भाग आहे, जर्नलमध्ये त्याचीही नोंद करा.