फोटो लॉकेट खरंच ‘हाताने कोरलेलं’ आहे का? असं तपासा

फोटोचं लॉकेट किंवा अंगठी ऑनलाइन मागवायची म्हटलं की सल्ला ठरलेला: रेटिंग बघा, रिव्ह्यू वाचा. हा सल्ला इथे कुचकामी आहे. दागिना सुबक आला की नाही, एवढंच रिव्ह्यूतून कळतं. तो बनला कसा, हे रिव्ह्यू लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि नेमकी थाप तिथेच मारली जाते. लेझर मशीनवर काही मिनिटांत उतरलेला चेहरा ‘आमच्या कारागिराने हाताने कोरलेला’ म्हणून विकला जातो. घेणारी व्यक्ती बऱ्याचदा गेलेल्या आईवडिलांचा फोटो देत असते, म्हणून भावही करत नाही. याची मला फार चीड येते.

१. प्रश्न नीट विचारा. ‘हँडमेड आहे का?’ असं विचारू नका. साखळीची कडी हाताने अडकवली तरी उत्तर ‘हो’ येतं. विचारा, “भाऊ, फोटो धातूवर कशाने उतरवता? लेझर, यूव्ही प्रिंट, सब्लिमेशन, की कागदावर छापून वरून रेझिन?” (यूव्ही प्रिंट म्हणजे वर छापलेली शाई, सब्लिमेशन म्हणजे उष्णतेने उतरवलेला रंग, रेझिन म्हणजे वरून ओतलेला पारदर्शक थर.) उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. फोनवर गोड बोलून लिहायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका.

२. जाहिरातीतलं चित्र तपासा. लॉकेटवर पडलेली चमक फोटोच्या कडेला येऊन अचानक तुटत असेल, तर तो चेहरा कॉम्प्युटरवर चिकटवलेला आहे. तयार मालाचा उन्हातला व्हिडिओ मागा.

३. भिंगाखाली बघा. सगळ्यात अवघड टप्पा हाच. मलाही हे ओळखायला शिकताना सर्वांत जास्त वेळ इथेच लागला, कारण नुसत्या डोळ्यांना लेझर आणि हातकाम सारखंच दिसतं. त्यात वरून काळा रंग भरला असेल तर विचारूच नका. ‘बोट फिरवून खोली लागली म्हणजे हातकाम’ असं जे सांगतात ते साफ चूक आहे. लेझरही खोल कोरू शकतो.

सराफ वापरतात तसं दहापटीचं भिंग घ्या. ते नसेल तर नागपूरच्या इतवारीतल्या ओळखीच्या सराफाकडे जा, तो दोन मिनिटं देईल. लॉकेट बघण्याआधी दोन नमुने बघून डोळा तयार करा. पहिला, आपल्याच हॉलमार्क केलेल्या अंगठीवरचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. तो लेझरने उमटवलेला असतो. दुसरा, घरातल्या जुन्या पितळी डब्यावर किंवा पाण्याच्या गुंडावर छिन्नी-हातोडीने घातलेलं नाव. त्यात प्रत्येक ठोका सुटा दिसतो. एक खोल, दुसरा उथळ, वळणावर अक्षर जरा अडखळलेलं. माणसाचा हात धातूवर असाच चालतो.

आता लॉकेट भिंगाखाली धरा आणि मोबाइलचा टॉर्च वरून न मारता बाजूने, तिरका मारा. लेझर फोटो उभा करतो तो बारीक ठिपक्यांनी किंवा एकमेकींना समांतर रेघांनी. रेघांमधलं अंतर एकसारखं, कपाळापासून हनुवटीपर्यंत दिशाही बहुधा तीच. सावली गडद करायची तर ठिपके दाट होतात. खोल कोरलं असेल तर खाचेचा तळ वाळूसारखा खरखरीत आणि निस्तेज दिसतो, कारण तिथला धातू वितळून उडालेला असतो. हाताच्या कलमाने, म्हणजे कोरायच्या टोकदार हत्याराने, कापलेली रेघ वेगळी असते: सुरुवातीला बारीक, मध्ये रुंद, शेवटी पुन्हा निमुळती, आणि आतून चकचकीत. लॉकेट हळूहळू फिरवलं की या रेघा एकेक करून चमकतात. लेझरचा भाग एकतर करडाच राहतो, नाहीतर सगळा पट्टा एकदमच उजळतो.

तरीही शंका उरली तर विक्रेत्याकडे त्याच फोटोचे दोन नग मागा. केस न् केस, ठिपका न् ठिपका सारखा असेल तर ते मशीनचं काम. कोणताही कारागीर एकच चेहरा दोनदा तंतोतंत तसाच कोरू शकत नाही. खरवडून मात्र बघू नका. दागिना जातो, आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर पुरावाही जातो.

माझं मत स्पष्ट आहे: फोटोसाठी लेझर उत्तम. चेहरा हुबेहूब येतो. स्टीलवर टिकतोही चांगला. चांदीवर उथळ लेझर असेल तर पॉलिशला देऊ नका, चेहरा घासून जाईल. लेझर घ्या, पण लेझरच्या भावात घ्या. हातकामाचा भाव हातकामालाच मिळायला हवा, कारण या थापांनी पोट मारलं जातं ते खऱ्या नक्षीकाम करणाऱ्यांचं.

४. रंगीत फोटो असेल तर. ‘रंग थेट चांदीत मुरवला’ ही शुद्ध थाप. सब्लिमेशनचा रंग धातूत मुरतच नाही, त्याला धातूवर पॉलिमरचा थर लागतो. यूव्ही प्रिंट म्हणजे वर बसलेली शाई. कडेला नख लावलं तर बऱ्याचदा उंचवटा जाणवतो. ‘मीनाकारी’ म्हणत असतील तर भिंग लावा. छपाईचे रंगीत ठिपके दिसले की विषय संपला. खरा मीना म्हणजे भट्टीत वितळवलेली काच. ‘आयुष्यभर रंग जाणार नाही’ हे तर नागपुरात कुणी ऐकूनच घेऊ नये. मे महिन्यातलं ऊन, घाम आणि परफ्यूम यांपुढे छापील रंग फिका पडतो आणि स्वस्त रेझिन पिवळं पडतं.

५. ‘नॅनो टेक्नॉलॉजी’चं प्रोजेक्शन लॉकेट. आत डोकावलं की फोटो दिसतो, ते. इवल्याशा भिंगामागे सूक्ष्म चित्र बसवण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या रने दाग्रोंने सूक्ष्मचित्रांचं पेटंट 1859 मध्ये घेतलं होतं. वस्तू छान आहे, ‘नॅनो’चे जादा पैसे देऊ नका.

६. धातू. ‘22 कॅरेट गोल्ड प्लेटेड’ म्हणजे सोन्याचा मुलामा. आत बहुधा पितळ. सोन्याचं म्हणून विकत असतील तर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी हॉलमार्कची व्यवस्था बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघा. 2 ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, तेव्हा बिलावर शुद्धता लिहून घ्या.

७. फसवणूक झालीच तर. पार्सल एकाच सलग व्हिडिओत उघडलेलं असावं. ‘कस्टमाइज्ड माल परत होत नाही’ या वाक्याला घाबरू नका. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला माल परत घेणं किंवा पैसे परत करणं नाकारता येत नाही. आधी त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल देणं त्याला बंधनकारक आहे. नाही झालं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, त्यानंतर ई-जागृती पोर्टलवर ग्राहक आयोगात तक्रार. विक्रेता जयपूरचा असो की सुरतचा, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नागपुरातच दावा लावता येतो. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत 2 वर्षांची. सोबत जोडायचं ते जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपवरचं लेखी उत्तर, बिल आणि भिंगातून मोबाइलने काढलेला फोटो.