नव्या घरात जुन्या सागवानी दाराला जागा द्या

विदर्भातील खेड्यांत मातीचे घर पाडून स्लॅबचे घर बांधताना जुनी सागवानी दारे आणि चौकटी अनेकदा मातीमोल भावाने विकल्या जातात. तसे करू नये, कारण नव्या कोऱ्या भिंतींना आपलेपण देणारी याहून चांगली वस्तू बाजारात मिळत नाही. चौकटीचे माप बांधकामाआधीच गवंड्याला द्यावे. लाकडात ठिकठिकाणी सुरीचे टोक टोचून पाहावे. जिथे ते सहज आत जाते, तो वाळवीने किंवा ओलीने पोखरलेला भाग सुताराकडून बदलून घ्यावा. पिढ्यांचे हात लागून गुळगुळीत झालेली कडी मात्र बदलू नये. नव्या घराचे खरे वैभव तेच आहे. नंतर लाकूड पॉलिश पेपरने घासून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, थोड्या वेळाने वर राहिलेले तेल पुसून घ्यावे आणि पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा. कच्च्या तेलाला वाळायला कित्येक दिवस लागतात. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकणे धोक्याचे आहे, कारण त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. म्हणून त्या अंगणात सुट्या पसरून वाळवाव्यात.