मुक्तलेखनातून अभंगाचे एक कडवे

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी मी कविता लिहू लागलो, तेव्हा जे सुचले ते तसेच्या तसे उतरवले की कविता झाली, असा माझा पक्का समज होता. पंधरा मिनिटे हात न थांबवता केलेले मुक्तलेखन म्हणजे केवळ कच्चा मजकूर असतो, हे उमगेपर्यंत तीन वह्या भरल्या.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी मी लिहिले होते : ‘आई पऱ्हाटीतून आली, ओटीतला कापूस खाली केला, बोंडांची टोके लागून बोटे रक्ताळलेली, मला फार भरून आले, शेतकऱ्याचे जिणे असेच, भाव कधी मिळणार, आई काही बोलली नाही, तिने नुसती मूठ उघडली.’

हे पान मी आठवडाभर उघडले नाही. लिहितानाचा उमाळा ओसरल्याशिवाय आपलेच वाक्य परक्याच्या नजरेने वाचता येत नाही. म्हणून नव्याने लिहिणाऱ्यांनी ही सवय आधी लावून घ्यावी. नंतर डोळ्यांना दिसलेले तेवढे पेन्सिलीने अधोरेखित केले आणि बाकीचे खोडले. ‘भरून आले’ खोडणे जिवावर आले होते, पण ती उघडलेली मूठ वाचकाला दिसली तर त्याचे त्यालाच भरून येईल, असे मला वाटले. शेवटी ओटी, कापूस, बोटे आणि मूठ एवढेच उरले.

तुकडोजी महाराजांची भजने खंजिरीच्या ठेक्यावर ऐकत आमच्याकडची मुले वाढतात, त्यामुळे अभंगाची चाल कानात आधीच होती. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे येतात. लघु-गुरू पाहावे लागत नाहीत, जोडाक्षर एकच मोजतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळवतात. मोठ्याने म्हणत, बोटांवर मोजत हे कडवे बसले :

ओटीत पांढरे
बोटांत तांबडे
माय उलगडे
मूठ जेव्हा

चौथ्या चरणात आधी ‘हाय दैवा’ होते. अक्षरे चारच, मोजणीत चूक नाही. पण तो भरीचा शब्द होता आणि मी खोडलेला सगळा विलाप त्याच्या वाटेने परत आत शिरत होता. ‘मूठ जेव्हा’मधली मूठ मुक्तलेखनाच्या अगदी शेवटच्या वाक्यातून मिळाली. माझा अनुभव असा की, कामाची ओळ पुष्कळदा तिथेच, हात थकल्यावर आलेल्या वाक्यात सापडते. म्हणून पंधरा मिनिटे पुरी होण्याआधी उठू नये.

‘कापूस’ हा शब्द कडव्यात कुठेच नाही. तो आणावा का, यावर मी बराच अडून बसलो होतो. अखेर कडवे आईला म्हणून दाखवले. तिने काही न विचारता आपल्या बोटांकडे पाहिले, आणि मी तो शब्द बाहेरच ठेवला. दुसरे कडवे अजून अडलेले आहे. त्यात मला ‘सरकी’ हवी आहे, पण तिच्याशी जुळणारे यमक ओढूनताणून आणलेले वाटते, म्हणून ते पान सध्या मिटून ठेवले आहे.